टनामागं किती? भूमिगत खाणींच्या खर्च-तक्त्याची समीक्षा



समीक्षा म्हटली की ती कादंबरीची, नाटकाची, फार तर सिनेमाची, असा आपल्याकडं रिवाज आहे. आज आम्ही एका तक्त्याची समीक्षा करणार आहोत. खाणकामाच्या पाठ्यपुस्तकांत हा तक्ता कुठल्या ना कुठल्या रूपात भेटतोच. डाव्या बाजूला भूमिगत खाणकामाच्या पद्धती, उजव्या बाजूला प्रत्येकीचा टनामागचा चालू खर्च. कधी रुपयांत, कधी डॉलरांत, कधी सगळ्यात महाग पद्धतीला शंभर धरून बाकीच्यांचं प्रमाण. विद्यार्थी तो पाठ करतात, सल्लागार तो अहवालात घालतात, आणि एखादी खाण चालू ठेवायची की बंद करायची हे ठरतं तेव्हा टेबलावर शेवटी तसलाच कागद असतो. ज्या कागदावर कामगारांची पाळी आणि वरच्या वस्तीची जमीन ठरते, तो नीट वाचला पाहिजे, एवढंच आमचं म्हणणं.

आता तुम्ही म्हणाल, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत हा विषय कशाला? आपल्या जिल्ह्यात खाण म्हणजे राधानगरी-चंदगडकडच्या सड्यांवरचं बॉक्साइट, आणि तेही उघड्यावरचं. खाली उतरायचा प्रश्नच नाही. बरोबर. पण इथं बसलेल्यांत फाउंड्रीवाले बरेच आहेत. तुमच्या प्रत्येक कास्टिंगमध्ये थोडं मँगनीज असतं. लोखंडातल्या गंधकाला आवर घालायला ते लागतंच. देशातलं सगळ्यात मोठं मँगनीज उत्पादन ज्या कंपनीचं, त्या मॉयलच्या खाणी नागपूर, भंडारा आणि पलीकडं बालाघाट जिल्ह्यात आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच भूमिगत आहेत. शिवाय किलोमागचा दर म्हणजे काय आणि तो किती फसवा असू शकतो, हे कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याला वेगळं शिकवायला नको. म्हणून हा तक्ता वाचायला तुमच्यासारखे वाचक दुसरीकडं मिळणार नाहीत.

आधी तक्ता काय सांगतो ते सरळ सांगतो. कुठलीही भूमिगत पद्धत एकाच प्रश्नाचं उत्तर असते: माल काढून घेतल्यावर जी पोकळी उरते, तिचं करायचं काय? उत्तरं ढोबळमानानं तीन. पहिलं, पोकळी खांबांवर तोलून धरायची. कोळशात याला बोर्ड अँड पिलर म्हणतात: आडव्या-उभ्या गल्ल्या काढत जायच्या आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे. दुसरं, पोकळी भरून काढायची. हे कट अँड फिल: एक थर काढा, तिथं वाळू भरा, त्या वाळूवर उभं राहून वरचा थर काढा. तिसरं, पोकळी मुद्दाम कोसळू द्यायची. यात लाँगवॉल येतं, सबलेव्हल केव्हिंग येतं, ब्लॉक केव्हिंग येतं.

तक्त्यातला क्रम साधारण असा असतो: मोठ्या प्रमाणावर कोसळवणारी पद्धत सगळ्यात स्वस्त, खांबांची मधली, भरावाची महाग, आणि लाकडी चौकटी रचत जाणारी स्क्वेअर-सेट सगळ्यात महाग. ही शेवटची पद्धत 1860 मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात, कॉमस्टॉकच्या चांदीच्या खाणीत फिलिप डाइडेसहायमर या इंजिनिअरनं बसवली. क्रम खोटा नाही, हे आधीच मान्य करतो. खडक स्वतःच्या वजनानं फुटून खाली येत असेल तर ड्रिलिंग कमी, स्फोटकं कमी, माणसं कमी. वाळू आणायची, पाण्यात कालवून पाइपनं खाली सोडायची, पाणी परत उपसायचं, तर खर्च वाढणारच.

मग आमची तक्रार कशाबद्दल? तीन ठिकाणी.

पहिली तक्रार भागाकाराबद्दल. टनामागचा खर्च म्हणजे एकूण खर्च भागिले टन. यातला अंश दोन जातींचा असतो. स्फोटकं, छताचे बोल्ट, लोडरचं डिझेल हे टनाबरोबर वाढतं-घटतं. पण पंप, पंखा, वाइंडर, लॅम्परूम, मायनिंग सरदार आणि ओव्हरमन यांचे पगार, हे सगळं एक टनही वर आला नाही तरी चालूच राहतं. भूमिगत खाणीत पंखा बंद ठेवून चालत नाही आणि पंप बंद ठेवला तर खाणच बुडते. समजा एका खाणीचा असा बांधील खर्च महिन्याला 1 कोटी आहे आणि बदलता खर्च टनाला 1,000 रुपये. महिन्याला 10,000 टन निघाले तर दर 2,000 रुपये. 5,000 निघाले तर 3,000. पद्धत तीच, माणसं तीच, खडक तोच. आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण भागाकार खरा आहे.

याचा परिणाम काय होतो बघा. खाणीत नवी गुंतवणूक थांबते, उत्पादन घटतं, दर वाढतो. मग वाढलेला दर दाखवून म्हणायचं की ही पद्धतच परवडत नाही, म्हणून गुंतवणूक नको. कारण आणि परिणाम एकमेकांची शेपूट धरून फिरत राहतात. कोळशाच्या राष्ट्रीयीकरणाच्या वेळी, म्हणजे 1971 ते 1973 च्या काळात, देशातला बहुतांश कोळसा जमिनीखालून येत होता. आज कोल इंडियाच्या उत्पादनात भूमिगत खाणींचा वाटा 5 टक्क्यांच्याही आत आहे. एका माणसाच्या एका पाळीत भूमिगत खाणीत टनाच्या आसपास कोळसा निघतो, उघड्या खाणीत दहा टनांच्या वर. हा फरक मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण यातला किती भाग भूगर्भाचा आणि किती भाग चाळीस वर्षं यंत्रं न दिल्याचा, हे तक्ता सांगत नाही. चंद्रपूरच्या खाली, त्याच वर्धा-गोदावरीच्या कोळसापट्ट्यात, तेलंगणात सिंगरेनीची अद्रियाला ही लाँगवॉल खाण 2014 मध्ये सुरू झाली. तिथं यंत्रांवर आधी प्रचंड भांडवल ओतावं लागलं. ते भांडवल 'चालू खर्चा'च्या रकान्यात दिसत नाही. म्हणजे तक्ता एका पद्धतीचा बांधील खर्च दरात धरतो आणि दुसरीचं भांडवल बाहेर ठेवतो, आणि दोघींना एका रांगेत उभं करतो.

दुसरी तक्रार छेदाबद्दल. तुमच्या भाषेत सांगायचं तर यील्डबद्दल. तुम्ही मोल्डमध्ये 100 किलो ओतलं आणि त्यातलं 60 किलो कास्टिंग झालं, तर उरलेल्या 40 किलोचं, रनर-रायझरचं, तुम्ही काय करता? परत भट्टीत टाकता. वितळवायची वीज वाया गेली, धातू गेला नाही. खाणीत तसं नाही. सोडलेला खांब परत भट्टीत जात नाही. छत खचलं, पाणी शिरलं, नाहीतर कोळसा आपोआप पेटला, की तो खांब कायमचा गेला. खाणवाले त्या भागाला गोफ म्हणतात, आणि गोफात गेलेल्या मालावर पाणी सोडायचं असतं. बोर्ड अँड पिलरच्या पहिल्या टप्प्यात, नुसत्या गल्ल्या काढताना, साठ्याचा लहानच भाग हाती येतो. मोठा हिस्सा खांबांत अडकलेला असतो. ते खांब नंतर काढायचे तर एक तर छत पडू द्यायचं, नाहीतर वाळू भरायची.

आता पुन्हा समजुतीचे आकडे घेऊ. जमिनीत 100 टन आहेत. 'अ' पद्धतीत खांब सोडून 40 टन निघतात, दर 2,000. 'ब' पद्धतीत वाळू भरून 80 टन निघतात, दर 2,600. बाजारभाव 3,000. 'अ'मध्ये टनाला 1,000 सुटतात, एकूण 40,000. 'ब'मध्ये टनाला 400, एकूण 32,000. म्हणजे दुप्पट कोळसा काढून कंपनीच्या हातात 8,000 कमी. जादा 40 टनांचा खर्च वेगळा काढला तर तो टनाला 3,200 पडतो, भावापेक्षा जास्त. व्यवस्थापक 'अ' निवडणार. आम्ही त्याच्या जागी असतो तर, त्याच वहीत हिशेब करायचा असता तर, आम्हीही 'अ'च निवडलं असतं.

इथं थोडं थांबू या. भराव हा दिसायला महाग पण शेवटी फायद्याचाच, असं सांगणारी भाषणं आम्ही पुष्कळ ऐकली आहेत. ती गोड लागतात, पण नेहमी खरी नसतात. वरच्या उदाहरणात भराव कंपनीला खरोखरच तोट्याचा आहे. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा: 8,000 वाचवले त्याच्या बदल्यात काय सोडलं, आणि कुणाचं? 60 टन कोळसा जमिनीत राहिला, तो देशाचा. आणि वरची जमीन कायमची त्या खांबांच्या भरवशावर राहिली, ती वर राहणाऱ्यांची. म्हणजे तक्ता खोटं बोलत नाही. तो फक्त एका माणसाच्या वहीतून बोलतो, आणि ते सांगत नाही. हीच आमची तिसरी आणि खरी तक्रार.

ही गोष्ट आजच कुणाला सुचली असं नाही. इंग्रज सरकारच्या काळात, 1939 मध्ये, कोळसा खाण सुरक्षा (भराव) कायदा झाला. त्यात पाठवल्या जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवला आणि त्या पैशातून खाणीत वाळू भरायला मदत द्यायची व्यवस्था केली. पुढं 1952 च्या आणि 1974 च्या संवर्धनविषयक कायद्यांत हाच धागा चालू राहिला. यामागचा विचार फार शहाणा होता. एकट्या खाणमालकाला भराव परवडणार नाही. तो न भरता निघून जाईल. मग तो खर्च त्याच्या एकट्याच्या दरातून काढा आणि सगळ्या कोळशावर पसरा. वरच्या उदाहरणातले ते 8,000 कुणी द्यायचे, याचं उत्तर कायद्यानं दिलं होतं: जो जो कोळसा जाळतो त्यानं थोडे थोडे. आमच्या मते भारतीय खाणकामाच्या अर्थशास्त्रावरचं हे सगळ्यात चांगलं टिपण आहे, आणि ते कुठल्या पुस्तकात नाही, कायद्यात आहे. पाठ्यपुस्तकातला तक्ता मात्र तसाच राहिला. भरावाचा रकाना आजही 'महाग' म्हणूनच छापला जातो.

न मोजलेला खर्च जातो कुठं? तो थांबून राहतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसला भरवस्तीत एक अख्खं घर जमिनीत गेलं. घरातली माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीचं काम झालेलं होतं. आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडून दुसरीकडं जावं लागलं. त्या खाणीचा टनामागचा दर तिच्या काळात लिहून, बेरीज मारून, वही बंद झाली होती. त्यात हे घर नव्हतं. कोळसा जाळला एका पिढीनं, हप्ता आला दुसऱ्या पिढीला, आणि तोही एका रात्रीत.

याच्या शेजारी स्वीडनमधलं किरुना ठेवून बघा. तिथं एलकेएबी ही सरकारी कंपनी सबलेव्हल केव्हिंगनं लोहखनिज काढते. म्हणजे कोसळवण्याची पद्धत, तक्त्यात भरावापेक्षा स्वस्त. खाण खोल गेली तशी जमीन गावाच्या दिशेनं सरकायला लागली. मग गावच हलवायचं ठरलं. 2025 च्या ऑगस्टमध्ये 1912 सालचं, 672 टनांचं लाकडी चर्च चाकांवर चढवून सुमारे 5 किलोमीटर दूर नेलं, दोन दिवसांत, जगानं ते टीव्हीवर पाहिलं. आपल्याकडं त्याचं कौतुक झालं ते इंजिनिअरिंगचं. आम्हाला कौतुक वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं: तिथल्या कायद्यानुसार गाव हलवायचा खर्च खाण कंपनीनं द्यायचा असतो. म्हणजे कोसळवण्याची पद्धत तिथं स्वस्त आहे का महाग, हे गावाची किंमत धरून ठरतं. खर्च देऊनही गावकऱ्यांचं जे गेलं ते परत येत नाही, हे खरंच. पण निदान तो वहीत आहे. खडक दोन्हीकडं खचतो. वही कुणाची, एवढाच फरक.

त्या कॉमस्टॉकच्या चौकटींचंही असंच. तक्त्यात स्क्वेअर-सेट सगळ्यात महाग, कारण लाकूड फार लागतं. पण ते लाकूड टाहो सरोवराच्या काठचं जंगल साफ करून आणलं होतं, आणि जंगलाची किंमत म्हणजे तोडणावळ अधिक वाहतूक, एवढीच धरली होती. सगळ्यात महाग पद्धतसुद्धा खऱ्या हिशेबात स्वस्तच दाखवली गेली.

आता मॉयलकडं येऊ, कारण तिथं तक्ता उलटा पडताना दिसतो. या कंपनीचं मूळ 1896 पर्यंत मागं जातं. 1962 मध्ये तिला आजचं सरकारी रूप मिळायला सुरुवात झाली. गुमगाव, कांद्री, मनसर, चिखला, बालाघाट या तिच्या खाणी. डोंगरी बुजुर्ग उघडी आहे, पण या बाकीच्यांत मँगनीजचा थर तिरपा, उभा खाली जातो. त्याच्या मागं उघड्यावरून जायचं तर आजूबाजूचा खडक इतका काढावा लागेल की हिशेबच बसणार नाही. म्हणून खाली उतरायचं, आणि तिथं रीत कट अँड फिलची, वाळूच्या भरावाची. तक्त्यातली महागांपैकी एक पद्धत, तरी कंपनी चालते. कारण खनिजाला भाव आहे, ते सोडून देणं परवडत नाही, आणि मुख्य म्हणजे भराव हा तिथं नुसता खर्च नाही. खाली भरलेली वाळू हीच वरच्या थरावर काम करणाऱ्याची जमीन असते. आज ओतलेली वाळू उद्याची फरशी. अशा ठिकाणी 'भरावाचा खर्च' असा वेगळा रकाना काढणं म्हणजे जिना चढताना प्रत्येक पायरीला अडचण म्हणण्यासारखं आहे.

पण मॉयलचं उदाहरण देऊन सुटका होत नाही, कारण वाळूलाही वही आहे. नागपूरभोवतीच्या खाणींना पिढ्यान्‌पिढ्या नदीनं वाळू दिली. नदीचं पात्र फुकट धरलं तर भराव स्वस्त, आणि नदीकाठच्या गावांच्या विहिरी धरल्या तर भरावही महाग. म्हणजे भरावाची बाजू घेणाऱ्या आमच्यासारख्यांनीही आपला खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलायला नको. उपाय अशक्य नाहीत. वेस्टर्न कोलफील्ड्सनं नागपूरजवळ भानेगाव आणि गोंडेगावला उघड्या खाणींच्या मातीच्या ढिगांतून वाळू वेगळी काढायची सोय केली. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख तिथंच पडलेली आहे. एका खाणीचा ढीग दुसऱ्या खाणीच्या पोकळीत जाऊ शकतो. तुमच्या वापरलेल्या काळ्या वाळूचं काय करायचं, हा प्रश्न इथं कुणाला नवा नाही. किलोमागच्या दरात ती वाळू नसते, पण कुणाच्या तरी शेताच्या बांधाला असतेच.

आमच्या म्हणण्याविरुद्ध एक सबळ मुद्दा आहे, तो टाळणं बरोबर नाही. भूमिगत खाण माणसं मारते. 27 डिसेंबर 1975 ला झारखंडच्या, तेव्हाच्या बिहारच्या, चासनाळा खाणीत पाणी घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. 'काला पत्थर' हा 1979 चा सिनेमा त्यावरून सुचलेला. उघड्या खाणी वाढल्या तशी खाली उतरणारी माणसं कमी झाली, हा त्यांचा मोठा गुण आहे आणि तोही टनामागच्या दरात दिसत नाही. तो गुण आम्ही मान्य करतो. मात्र त्याच वहीत दुसऱ्या बाजूला उघड्या खाणीनं गिळलेली शेतं, उठवलेली गावं आणि मातीचे डोंगरही लिहायला लागतील. आमचा आग्रह भूमिगत पद्धतीचा नाही, पूर्ण वहीचा आहे.

आणि सुरक्षेचा खर्चही तक्त्यात कसा बसतो बघा. मायनिंग सरदार पाळी सुरू होण्याआधी काठीनं छत ठोकून बघतो. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर काम थांबवायचं, ढिलं छत पाडायचं, नाहीतर आधार द्यायचा. तेवढा वेळ टन शून्य. म्हणजे ज्या दिवशी सरदारानं आपलं काम उत्तम केलं, त्या दिवशी खाणीचा टनामागचा दर वाढलेला दिसतो. ज्या मोजपट्टीवर चांगलं काम वाईट दिसतं, ती एकटी वापरणं धोक्याचं आहे.

शेवटचं उदाहरण कोलारचं. तिथं 1880 पासून सोनं काढलं, तीन किलोमीटरहून खोल गेले, गार हवा खाली सोडावी लागली, खडक स्फोटासारखे फुटायचे. 28 फेब्रुवारी 2001 ला भारत गोल्ड माइन्सची ती खाण बंद झाली, कारण काढायचा खर्च सोन्याच्या भावाच्या वर गेला होता. नंतर सोन्याचा भाव कुठल्या कुठं गेला. पण पंप थांबले, खाणीत पाणी भरलं, कामगारांची वस्ती मागं राहिली. खाण ही लेथ नव्हे, की आज बंद केलं, उद्या बटण दाबलं. बंद करण्याचा निर्णय त्या वर्षाच्या दरावर होतो, आणि तो परत फिरवायचा खर्च कुठल्याच वर्षाच्या दरात नसतो.

तर समीक्षेचा निष्कर्ष. तक्ता फाडून टाका असं आम्ही म्हणत नाही. एकाच खाणीत, एकाच थरात, दोन यंत्रांतलं कुठलं घ्यावं, यासाठी तो चांगला आहे. पण पद्धत निवडायला तो अपुरा आहे. कुणी तुमच्यासमोर असा तक्ता ठेवला, मग तो खाणीचा असो, रस्त्याचा असो, नाहीतर तुमच्याच कारखान्याचा, तर चार गोष्टी विचारा. दर किती टनांवर काढलाय? जमिनीत किती सोडून दिलंय? भांडवल कुठल्या रकान्यात आहे? आणि वही बंद झाल्यावर येणारं बिल कुणाच्या नावानं येणार आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं इंजिनिअर देऊ शकेल. चौथ्याचं त्याला एकट्याला देता येणार नाही, ते 1939 सारखं कायद्यानंच द्यावं लागतं. घुग्घुसच्या लोकांना ते कुणी आधी दिलं नव्हतं.

एवढं बोलून थांबतो. फाउंड्रीवाल्यांनी हिशेबातल्या चुका काढाव्यात, त्यासाठीच आकडे सोपे ठेवलेत. आता प्रश्न घेऊ.